विक्रेत्याच्या दोन सळया आणि ड्राय बाल्कनीतील ब्युरेट

उन्हाळ्याच्या तोंडावर आमच्या सोसायटीत पाणी शुद्ध करण्याची यंत्रे विकणारे एक गृहस्थ दारोदार फिरत असतात. त्यांच्याजवळ पेनासारखा एक मीटर असतो आणि त्याहून अधिक परिणामकारक असे दुसरे उपकरण असते : प्लॅस्टिकच्या डबीला लोंबणाऱ्या धातूच्या सळयांच्या दोन जोड्या आणि भिंतीतल्या प्लगपर्यंत जाणारी एक वायर. एका पेल्यात नळाचे आणि दुसऱ्यात यंत्रातून आलेले पाणी घ्यायचे, दोन्हींत सळया बुडवायच्या आणि बटण दाबायचे. मिनिटाभरात नळाचे पाणी आधी हिरवट आणि मग गढूळ तपकिरी होते आणि त्यावर किळसवाणा साका तरंगू लागतो. दुसरा पेला मात्र नितळ राहतो. ‘काकू, हेच तुम्ही रोज पिता,’ असे ते शेजारच्या काकूंना म्हणाले, तेव्हा काकूंनी हातातला तांब्या खाली ठेवला.

तो साका खरोखर पाण्यातून आला की आणखी कुठून, याचा निकाल घरच्या घरी लावता येतो. त्यासाठी फार मोठी सामग्री लागत नाही, पण योग्य ती लागते. माझ्या ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशीनशेजारी साडेतीन फुटांचे एक कडाप्प्याचे फळकूट आहे आणि त्यावर गेली काही वर्षे जमवलेली छोटीशी प्रयोगशाळा आहे. तिच्यातील माझी आवडती उपकरणे कोणती आणि ती नेमके काय करतात, हे या दोन पेल्यांच्या निमित्ताने सांगतो.

करण्याची उपकरणे आणि मोजण्याची उपकरणे

रसायनशास्त्राचा छंद म्हटले की नागमोडी नळ्या, फसफसणारे रंगीत द्रव आणि धूर डोळ्यांसमोर येतो. नवशिक्या माणूस बहुधा तिथूनच सुरुवात करतो. पहिल्या उत्साहात मीही ऊर्ध्वपातनाचा काचसंच आणला होता आणि तो आजवर मोजून चार वेळा वापरला आहे. ही झाली करण्याची उपकरणे. दुसरा वर्ग मोजण्याच्या उपकरणांचा, आणि तो दिसायला अगदीच बेताचा असतो : एक तराजू, एक उभी काचनळी, एक तापमापक. पण पदार्थाचा रंग बदलला एवढे पाहणे आणि नेमका कितव्या थेंबाला बदलला हे पाहणे, यांत जत्रेतला खेळ आणि रसायनशास्त्र यांच्याइतके अंतर आहे. म्हणून माझी लाडकी उपकरणे जवळजवळ सगळी दुसऱ्या वर्गातली आहेत.

काच ओळखण्याची एक युक्ती

सुरुवात मात्र काचेपासूनच करावी लागते. साध्या पेल्यात उकळते पाणी ओतले की तो तडकतो, कारण काचेचा आतला थर तापून पसरतो, बाहेरचा थंडच राहतो आणि या ओढाताणीत काच फुटते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मनीतील येना येथे ऑटो शॉट याने काचेत बोरॉनचे ऑक्साइड मिसळून ही अडचण सोडवली. बोरोसिलिकेट नावाची ही काच तापवल्यावर साध्या काचेच्या सुमारे एक तृतीयांशच प्रसरण पावते, त्यामुळे आतबाहेरची ओढाताणही तेवढीच कमी होते.

दुकानात दोन्ही प्रकारची चंचुपात्रे, म्हणजे बीकर, शेजारी शेजारी ठेवलेली असतात आणि छाप नेहमीच खरा असतो असे नाही. औषधाच्या दुकानातून ग्लिसरीनची बाटली आणावी आणि काचकांडी तीत बुडवावी. काच बोरोसिलिकेट असेल तर बुडलेला भाग दिसेनासा होतो आणि हातात जणू अर्धीच कांडी उरते, कारण प्रकाश या काचेत आणि ग्लिसरीनमध्ये जवळजवळ सारखाच वाकतो आणि दोहोंमधली सीमा डोळ्याला कळत नाही. साधी काच ग्लिसरीनमध्येही स्पष्ट दिसत राहते. पाहुण्यांना दाखवण्यासाठी माझ्याकडे याहून चांगला प्रयोग नाही.

चंचुपात्रावरच्या रेषांवर मात्र विश्वास ठेवू नये. त्या साधारण पाच टक्के इकडेतिकडे असू शकतात, म्हणजे अडीचशे मिलिलिटरच्या रेषेला बारा मिलिलिटरची चूक सहज होते. चंचुपात्र हे भांडे आहे, माप नव्हे.

सोनाराचा काटा, घरच्या कामाला

आपल्याकडे सोने गुंजेने तोलले जाई. आठ गुंजांचा मासा आणि बारा माशांचा तोळा, तोळा ११.६६ ग्रॅमचा धरला तर एक गुंज साधारण ०.१२ ग्रॅम भरते. आज काही शे रुपयांत मिळणारा तळहाताएवढा इलेक्ट्रॉनिक तराजू ०.०१ ग्रॅमपर्यंत वाचतो, म्हणजे एका गुंजेचेही बारा भाग करून दाखवतो. पूर्वीच्या सोनाराला हेवा वाटावा, अशी ही गोष्ट आहे.

अर्थात पडद्यावर दोन दशांश दिसतात म्हणून ते दोन्ही खरे असतात असे नाही. एकच नाणे दहा वेळा ठेवून उचलावे. आकडा प्रत्येक वेळी तोच आला, तर तराजू निदान स्वतःशी प्रामाणिक आहे. पंखा बंद ठेवावा आणि गरम भांडे कधीही तोलू नये, कारण त्याच्याभोवती वर चढणारी हवा वजन कमी भासवते. आणखी एक खोड फारशी कोणी सांगत नाही. हे तराजू शून्याच्या आसपासची किंचित हालचाल ‘आपलीच चूक’ समजून पुसून टाकतात, त्यामुळे कागद ठेवून शून्य केले आणि भुकटी चिमटीचिमटीने टाकत गेलो, तर पहिले काही कण मोजलेच जात नाहीत. उपाय सोपा आहे : कागदाबरोबर एक नाणे ठेवावे, शून्य न करता त्याचे वजन टिपून घ्यावे आणि पुढे वजाबाकी करावी.

तराजूचे खरे मोल यात आहे की तो इतर उपकरणांची परीक्षा घेतो. दहा मिलिलिटरच्या पिपेटने, म्हणजे ठरावीक माप ओढून घेणाऱ्या नळीने, गाडीच्या बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी तराजूवरच्या भांड्यात सोडले, तर २५ अंश तापमानाला वजन ९.९६ ते ९.९७ ग्रॅमच्या आसपास यायला हवे. ते ९.८० आले, तर पिपेट खोटी आहे किंवा आपला हात कच्चा आहे. माझ्या बाबतीत बराच काळ दुसरे कारण खरे होते.

ब्युरेट : थेंब मोजणारी नळी

एकच उपकरण ठेवायची वेळ आली, तर मी ब्युरेट ठेवीन. ही ५० मिलिलिटरची, खाली तोटी असलेली उभी काचनळी असते आणि तिच्यावर मिलिलिटरच्या दहाव्या भागाच्या रेषा असतात. ब्युरेट आणि पिपेट ही नावे जोसेफ गे-लुसॅक या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८२४ मध्ये रूढ केली, आणि तेव्हापासून ब्युरेटचे काम बदललेले नाही : माहीत असलेले द्रावण माहीत नसलेल्या द्रावणात थेंबाथेंबाने सोडायचे आणि काम कुठे पुरे झाले ते पाहायचे. या रीतीला अनुमापन म्हणतात.

अनुमापन समजायला लग्नाची पंगत आठवावी. पाने किती बसली आहेत हे मोजायचे आहे, पण डोकी मोजायला वेळ नाही. मग लाडवांचा मोजलेला डबा घ्यावा, प्रत्येक पानावर एकच लाडू वाढत जावे आणि शेवटच्या पानाशी बसलेल्या मुलाने ‘पोचला!’ असे ओरडताच थांबावे. डब्यातले जितके लाडू कमी झाले, तितकी पाने. ब्युरेट हा मोजलेला डबा आहे आणि ‘पोचला!’ म्हणणारा मुलगा म्हणजे दर्शक, काम पुरे होताच रंग बदलणारा पदार्थ.

आता आमच्या बोअरच्या पाण्याचा कठीणपणा घेऊ. साबणाला फेस येऊ न देणारे आणि गीझरमध्ये पांढरा थर धरणारे कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार पाण्यात किती आहेत, याचे माप म्हणजे कठीणपणा. इथे लाडवाचे काम ईडीटीए नावाचा पदार्थ करतो. त्याचा एक रेणू कॅल्शियमच्या एका कणाला खेकड्याने नांगीत धरावे तसा पकडतो आणि सोडत नाही. त्याचे ३.७२ ग्रॅम चूर्ण तोलून शुद्ध पाण्यात विरघळवायचे आणि द्रावण बरोबर एक लिटर करायचे, की त्याचा प्रत्येक मिलिलिटर एक मिलिग्रॅम कठीणपणा पकडतो. तराजूची ०.०१ ग्रॅमची चूक इथे हजारात तीनहूनही कमी पडते, म्हणून तो छोटा काटा या कामाला पुरतो.

शंकुपात्रात ५० मिलिलिटर पाणी घेतो. त्यात अमोनियाचे द्रावण घालतो. त्या वासाने डोळे चुरचुरतात, म्हणून खिडकी उघडी असते. दर्शकाची चिमूट टाकताच पाणी कोकमाच्या सरबतासारखे लालसर होते. हा दर्शक पाण्यात विरघळवून ठेवला तर काही दिवसांत निकामी होतो. मिठाबरोबर खलून कोरडा ठेवला तर वर्षभर टिकतो. मग डावा हात तोटीवर आणि उजवा पात्र गोल फिरवत. वीस मिलिलिटरपर्यंत काहीच होत नाही. एकविसाव्याच्या पुढे लाल रंगात जांभळी झाक येते. इथून पुढे एक थेंब सोडायचा, पात्र फिरवायचे, थांबायचे, पुन्हा एक थेंब. २१.४ वर उरलेली लाली एकदम निघून जाते आणि स्वच्छ निळा रंग उरतो.

हिशेब तोंडी होतो. २१.४ मिलिलिटरने २१.४ मिलिग्रॅम पकडले, तेही पन्नास मिलिलिटर पाण्यातले. लिटरला ते वीसपट, म्हणजे ४२८ मिलिग्रॅम. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार कठीणपणा २०० पर्यंत असावा, आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालतो. ब्युरेटचा एक थेंब साधारण ०.०५ मिलिलिटरचा असतो, म्हणजे माझी एका थेंबाची गफलत ४२८ ऐवजी ४२७ किंवा ४२९ दाखवील. आपला आकडा किती चुकू शकतो, हेही ज्या उपकरणामुळे सांगता येते, त्याच्यावर जीव जडतो.

विकत घेताना टेफ्लॉनच्या चावीची ब्युरेट घ्यावी. काचेच्या चावीला ग्रीस लावावे लागते, आणि तीव्र आम्लारी भरून रात्रभर ठेवली तर सकाळी ती चावी काही केल्या फिरत नाही.

मग तो पेनासारखा मीटर काय मोजतो?

विक्रेत्याचा मीटर टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण पदार्थ, दाखवतो असे म्हणतात. प्रत्यक्षात तो फक्त पाण्यातून वीज किती सहज वाहते ते मोजतो आणि त्याला एका ठरावीक गुणकाने गुणून आकडा देतो. शुद्ध पाण्यात दोन चमचे साखर विरघळवून मीटर बुडवा; पेल्यात ढळढळीत साखर असूनही आकडा जवळजवळ हलत नाही, कारण साखरेचे रेणू विद्युतभार वाहून नेत नाहीत. लिटरभर पाण्यात एक ग्रॅम मीठ घाला. आकडा हजाराच्या आसपास जातो. जंतू, कीटकनाशके किंवा अत्यल्प प्रमाणातले आर्सेनिक याला दिसणे शक्य नाही. मीटर खोटे बोलत नाही. त्याला एकच प्रश्न कळतो आणि आपण त्याच्याकडून भलत्याच प्रश्नाचे उत्तर घेतो.

आमच्या बोअरच्या पाण्याला तो ६४० दाखवतो. मानकाची स्वीकारार्ह मर्यादा ५०० आहे आणि पर्याय नसेल तर २००० पर्यंत मुभा आहे.

सळयांचे कोडे

आता ते तपकिरी पाणी. त्या सळयांपैकी एक लोखंडाची असते. पाण्यात क्षार असले की वीज वाहते आणि धन अग्राला जोडलेले लोखंड झिजून पाण्यात उतरते. तिथे आधी त्याचा हिरवट साका होतो आणि हवेतला प्राणवायू मिळताच तो तपकिरी पडतो. सोप्या शब्दांत, तो गंजच. यंत्राच्या पाण्यातले क्षार काढलेले असतात, त्यामुळे वीज वाहत नाही, लोखंड झिजत नाही आणि पेला नितळ राहतो.

हा निव्वळ तर्क झाला, आणि तो तपासायलाच तर बाल्कनीतली मंडळी आहेत. भिंतीतल्या प्लगची वीज पाण्याजवळ आणणे जिवावर बेतू शकते, म्हणून मी नऊ व्होल्टची लहान बॅटरी घेतली. ज्यात लोह असण्याचे कारण नाही असे बॅटरीचे शुद्ध पाणी घेतले, त्यात पाव चमचा मीठ टाकले, पॉलिश पेपरने घासलेले दोन खिळे बुडवले आणि वाटेत विद्युतप्रवाह मोजणारा मल्टिमीटर जोडला. प्रवाह साधारण ०.१ अँपिअर होता. अर्ध्या तासात शेजारच्या काकूंच्या पेल्यातला तोच साका माझ्या चंचुपात्रात तयार झाला.

धन अग्राचा खिळा पुसून, वाळवून तोलला. आधी ४.८७ ग्रॅम होता, आता ४.८२ भरला. मायकेल फॅरेडे याच्या नियमाने हिशेब केला, तर ०.१ अँपिअरच्या प्रवाहाने अर्ध्या तासात ०.०५२ ग्रॅम लोखंड झिजायला हवे. तराजूची मर्यादा लक्षात घेता, पाण्यात जे आले ते खिळ्यातूनच आले, याहून सरळ पुरावा मागता येणार नाही.

तरीही साका लोहाचाच आहे हे पाहायचे असेल, तर तो गाळून घ्यावा. गाळणकागदातून नुसते गाळायला पाऊण तास लागतो. सपाट बुडाचे, छिद्रांचे ब्युकनर नरसाळे आणि हवा ओढणारा पंप असला की दोन मिनिटे पुरतात. प्रयोगशाळांत नळाच्या धारेवर चालणारा चूषक असतो, पण तो बादल्याच्या बादल्या पाणी वाया घालवतो आणि आमच्याकडे एप्रिलमध्ये पाणी एक दिवसाआड येते. मी सायकलच्या जुन्या पंपातला चामड्याचा वायसर उलटा बसवला. पंप हवा भरण्याऐवजी ओढू लागला. कागदावरचा साका व्हिनेगरमध्ये घालून वाळूवर गरम केला. इंडक्शनच्या शेगडीवर लोखंडी तवा, तव्यात बारीक वाळू आणि वाळूत रुतवलेले पात्र. काचेला चटका बसत नाही आणि उष्णता चहूबाजूंनी सावकाश लागते. साका बऱ्यापैकी विरघळल्यावर हिरड्याच्या काढ्याचे चार थेंब टाकले आणि द्रव काळानिळा झाला. हिराकस, म्हणजे लोहाचाच एक क्षार, आणि हिरडा यांची शाई करणाऱ्यांना हा रंग कित्येक पिढ्या ठाऊक होता.

‘घरात असले उद्योग धोक्याचे नाहीत का?’

आहेत, जर नियम नसतील तर. संरक्षक चष्मा नाकावर चढल्याशिवाय मी एकही बाटली उघडत नाही. माझ्या मते घरच्या प्रयोगशाळेत पहिली खरेदी तराजूचीही नव्हे, चष्म्याची असावी. स्वयंपाकघरातले भांडे एकदा बाल्कनीत आले की परत जात नाही. प्रत्येक बाटलीवर नाव आणि तारीख असते. आम्ल पाण्यात ओततात, पाणी आम्लात कधीच नाही, कारण पाणी वरच उकळून आम्ल अंगावर उडवते. आणि घरातला सर्वांत घातक प्रयोग तर अनेकजण चष्म्याशिवाय, बंद न्हाणीघरात, अजाणता करतात : संडास धुण्याचे अ‍ॅसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र टाकून. त्यातून निघणारा क्लोरीन फुप्फुसे भाजून काढतो.

शेजाऱ्यांचाही विचार करावा लागतो. प्रफुल्लचंद्र राय यांनी १८९२ मध्ये कलकत्त्यात आपल्या राहत्या घरी औषधी रसायने करायला सुरुवात केली, तेव्हा छतावर वाळत घातलेल्या जनावरांच्या हाडांमुळे शेजारी संतापले होते; कावळे ती उचलून त्यांच्या घरांवर टाकत असत. त्यातून पुढे बेंगॉल केमिकल उभी राहिली हे खरे, पण आमच्या सोसायटीच्या सचिवांना हा दाखला पटेल असे वाटत नाही.

‘कायदा काय म्हणतो?’

काच, तराजू आणि बहुतेक साधे क्षार घ्यायला कोणतीही आडकाठी नाही. मुंबईच्या प्रिन्सेस स्ट्रीटवर अशी दुकाने आहेत आणि देशातला बराचसा काचमाल व शाळांची उपकरणे हरियाणातील अंबाल्याहून येतात. बंधने नेमक्या ठिकाणी आहेत. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या आदेशानंतर अ‍ॅसिडच्या किरकोळ विक्रीसाठी ओळखपत्र, वापराचे कारण आणि नोंद लागते आणि १८ वर्षांखालील मुलांना ते विकता येत नाही. अमोनियम नायट्रेटला २०१२ पासून स्वतंत्र नियम लागू आहेत. ऊर्ध्वपातनाच्या संचात पाणी शुद्ध करणे वेगळे आणि दारू गाळणे वेगळे. दुसरे काम महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ नुसार गुन्हा आहे, मग ती ‘प्रयोगापुरती’ का असेना. स्फोटक मिश्रणांच्या वाटेला जाऊ नये, हे कायद्याने सांगायचीही गरज पडू नये.

‘पट्ट्या मिळतात, प्रयोगशाळा आहेत, मग हा खटाटोप कशाला?’

कठीणपणाच्या रंगीत पट्ट्या मिळतात आणि घाईच्या वेळी त्या वाईट नाहीत, पण ‘२५० ते ५००’ असे उत्तर देणाऱ्या पट्टीला ४२८ आणि ३०० यांतला फरक कळत नाही. जंतू किंवा जड धातू यांची शंका असेल, तर नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतच द्यावा. माझ्या बाल्कनीत त्यांचे उत्तर नाही. उरलेला प्रश्न हौसेचा आहे. विल्यम पर्किन हा अठरा वर्षांचा मुलगा १८५६ मध्ये लंडनमधील घरच्या प्रयोगशाळेत क्विनीन करायला गेला आणि त्याच्या हाती जांभळा रंग लागला, जगातल्या पहिल्या कृत्रिम रंगांपैकी एक. माझ्या हाती २१.४ लागले आणि मला तेवढे पुरले.

पुढच्या उन्हाळ्यात विक्रेते पुन्हा आले. शेजारच्या काकूंनी त्यांना दोन पेले मांडू दिले, आणि ते वायर प्लगमध्ये घालण्याआधी यंत्राच्या नितळ पाण्यात चिमूटभर मीठ टाकून ढवळले. ‘आता लावा,’ म्हणाल्या. या वेळी दोन्ही पेले तपकिरी झाले. काकूंनी शेवटी यंत्र घेतलेच, कारण ४२८ हा आकडा त्यांनी कॅलेंडरवर लिहून ठेवला होता आणि गीझरची कॉइल दोनदा बदलून झाली होती. मात्र त्यांनी पिण्याच्या पाण्याचे यंत्र न घेता, न्हाणीघराच्या नळाला बसणारे आणि कठीणपणाच तेवढा कमी करणारे दुसरे यंत्र मागवले. ते बसल्यावर त्याचे पाणी घेऊन त्या माझ्याकडे आल्या, आणि ब्युरेटची तोटी त्यांनी स्वतः धरली. निळा रंग १.३ वर आला.